बसून बोललेलं

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला टेपमधून एक बकरी बोलली आणि वामनराव खाटेवर ताठ होऊन बसले. बकरी म्हणत होती, "माननीय अध्यक्ष महाराज, मागील सभेचे इतिवृत्त सभेपुढे वाचून दाखवतो." शब्द त्यांचेच होते. 'सभेपुढे' म्हणताना 'पु'वर थोडं थांबायची लकबही त्यांचीच. पण त्यांचा आवाज असा नव्हता. त्यांचा आवाज, निदान आतून ऐकताना, भारदस्त होता, तांब्याच्या घंगाळात पाणी पडावं तसा. त्यांनी बटण दाबून टेप थांबवला, फीत मागं नेली, पुन्हा लावली. पुन्हा बकरीच. स्टोव्हपुढं बसलेली गोपिका मागं न वळता म्हणाली, "तुमचाच हाय तो आवाज. काहून घाबरता? मले तर एकतीस साल झाले ऐकून." बावन्न वर्षं माणूस एका आवाजात राहतो, त्या आवाजात लग्न करतो, पोरीला रागावतो, साहेबाला हो म्हणतो, आणि साऱ्या जगाला मात्र दुसराच आवाज ऐकू येत असतो. एकानंही कधी सांगितलं नाही. लकडगंजची आरामशीन रविवारीही सुरू होती. सागवानात पातं शिरताना आधी गुरगुर आणि मग किंकाळी. तीच किंकाळी टेपमध्येही होती, काल संध्याकाळची. आजची आणि कालची अशा दोन आरामशिनी एकमेकींत मिसळल्या आणि वामनरावांना क्षणभर कळेना, आपण नेमके कुठल्या दिवसात बसलो आहोत.

टेप जावयानं आणला होता. केशव कुवेतला फिटर होता. गेल्या दिवाळीत बायकोला, ताराला, भेटायला आला तेव्हा त्यानं मामाजींचा उजवा हात पाहिला. लिहिताना अंगठा थरथरायचा आणि अक्षर वाऱ्यावरच्या वाळवणासारखं उडायचं. "मामाजी, तुम्ही लिहू नका. हे बटण दाबा, सभा आपोआप भरते. मंग घरी बसून आरामात उतरवा," म्हणून त्यानं पुस्तकाएवढा काळा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्याला कातड्याचं कव्हर होतं आणि खांद्याला अडकवायला पट्टा. वामनरावांना वाटलं होतं, आपला धंदाच बसला. कारण हापिसात ते साधे कारकून असले तरी वस्तीत ते वाचनालयाचे चिटणीस होते, आणि त्यांच्यासारखं इतिवृत्त साऱ्या नागपुरात कोणी लिहीत नाही, असं वस्तीचं ठाम मत होतं. लोक नुसतं इतिवृत्त ऐकायला सभेला येत. नत्थूजी एकदा सभेत उभे राहून, "मले यातलं काहीच समजलं नाही," एवढंच बोलून खाली बसले होते. पुढच्या सभेत वामनरावांनी वाचलं, "श्री. नत्थूजी यांनी विषयाच्या गहनतेकडे सभेचे लक्ष वेधले व सखोल विचाराची आवश्यकता विशद केली." नत्थूजींचे डोळे भरून आले. आपण इतकं बोललो होतो हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. दोन सदस्यांची चपला काढण्यापर्यंत मजल गेली, ती 'उद्बोधक चर्चा' म्हणून लिहिली गेली आणि पुढच्या महिन्यात दोघांनी ती ऐकून एकमेकांना विडी दिली. असं म्हणतात की एका चोरानं वाचनालयाचं घड्याळ नेलं, पण जाताना टेबलावरचं रजिस्टर चाळलं आणि तिसऱ्या दिवशी घड्याळ आणून ठेवलं. इतक्या थोर माणसांचं कसं न्यावं, म्हणाला. हे कोणाला म्हणाला ते विचारू नये.

आता टेपमधून अध्यक्ष मधुसूदन बोलायला हवे होते. पण दूर कुठंतरी डोहात म्हशी डुंबत असाव्यात तसा घुमारा तेवढा येत होता. वामनरावांनी कान डब्याला लावला आणि त्यांना आठवलं. टेप अध्यक्षांच्या टेबलावर ठेवायचा होता. पण नत्थूजींनी हरकत घेतली. त्यांच्या साडभावाच्या गावी एका पुढाऱ्याच्या भाषणाचा टेप केला होता आणि त्यानंतर आठ दिवस त्या पुढाऱ्याच्या घशातून आवाज निघाला नाही. मशीन आवाज ओढून घेते, थोडाच परत देते. यावर एक उद्बोधक चर्चा झाली आणि शेवटी टेप टेबलापासून जमेल तितका लांब, दाराजवळच्या खिडकीत ठेवायचं ठरलं. खिडकीखाली सतरंजी होती. सतरंजीवर बाया बसत.

आणि त्या बाया टेपमध्ये होत्या. अगदी कानाशी. बांगड्या वाजत होत्या, कोणाचं तरी लेकरू मुठीतले फुटाणे चावत होतं. एक बाई म्हणत होती, "मधुसूदन उभा राहिला वं. आता चहा थंडाच प्या लागते." दुसरी म्हणाली, "हा उभा राहते तं बसाचं विसरते. याले खाली ओढाले दोरी बांधा." मग वामनरावांची बकरी पुन्हा दुरून काही वाचू लागली आणि बायांत खसखस पिकली. "थांब, थांब. आता 'विशद' येते पाहाय." बकरीनं खरंच 'विशद' म्हटलं. आणि एक बाई हसली. ते हसू वामनरावांनी कधी ऐकलं नव्हतं. पोटातून निघालेलं, अर्ध्यात दाबलेलं, तरी पदराच्या आडून फुटून आलेलं, उन्हात टाकलेली तूर तडकावी तसं. कोण बाई असेल ही, म्हणून त्यांनी फीत मागं नेली. पुन्हा ते हसू. तिसऱ्यांदा लावणार तोच गोपिकानं स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. स्टोव्ह चांगला भुरभुर पेटलेला होता. तरी ती मारत राहिली, जोरजोरात, पाठ वळवून. तेव्हा त्यांना कळलं, हसू कोणाचं होतं ते.

एकतीस वर्षांत हे हसू घरात कुठं होतं? वामनराव आठवू लागले. ती हसायची, नाही असं नाही. पाहुणे आले की हसायची, तारा लहानपणी पडून उठली की हसायची. पण ते पुढच्या दाराचं हसू. हे मागच्या दाराचं होतं आणि त्या दारानं आपण कधी गेलोच नाही. टेप थांबवावा असं त्यांना वाटलं, दुसऱ्याच्या घरात आडून ऐकावं तशी लाज वाटली. आणि त्या लाजेतच बोट चुकून बटणावरून निसटलं आणि फीत पुढं चालू राहिली.

"वामनभाऊ." हा आवाज अगदी जवळचा होता. अंजनाबाईचा. अंजनाबाई विड्या वळायची. चाळिशी उलटल्यावर ती पोरीच्या पुस्तकातून वाचायला शिकली, आणि गेली तीन वर्षं दुपारी वस्तीतल्या अकरा बायांना अक्षरं शिकवत होती, स्वतःच्या ओट्यावर. ओट्यावर ऊन आलं की समोरच्या भिंतीच्या सावलीत, तिथं आलं की नळाजवळ. ऊन सरकेल तशी शाळा सरकायची आणि वैशाख लागला की बंद पडायची, कारण नागपुरात वैशाखात सावलीसुद्धा पोळते. टेपमध्ये ती म्हणत होती, "वामनभाऊ, लिहून घ्या ना. वाचनालयाची खोली दिवसभर कुलपात राहते. दुपारची चाबी आमच्यापाशी द्या म्हणा. चार वाजता झाडून परत करतो." मग खट् असा आवाज. त्यांनीच कॅसेट उलटवायला खिडकीशी येऊन झाकण उघडलं होतं, पण लाल बटण अजून सुटलं नव्हतं, म्हणून त्यांचाही आवाज जवळून आला. बकरी अतिशय प्रेमळपणानं म्हणाली, "हो हो, लिहितो."

वामनरावांना हे आठवेना. कालची गोष्ट. पंधरा तास झाले असतील. त्यांनी कपाळाला हात लावला, डोळे मिटले, खिडकी आठवली, कॅसेट आठवली, झाकणात अडकलेलं नख आठवलं. अंजनाबाई आठवेना. तिच्यामागून टेपमध्ये दुसरीच कोणी हळू म्हणाली, "हे मागच्या खेपेलेही 'लिहितो' म्हणे." आणि अंजनाबाई म्हणाली, "म्हणू दे वं. एखाद्या खेपेले चुकून लिहीन."

हे अशा दिवसांत घडलं की ज्या दिवसांत त्या खोलीचा निकाल लागायचा होता. लकडगंजच्या एका लाकूडवाल्यानं ती दिवसाच्या वेळेपुरती मागितली होती, सागाच्या फळ्या ठेवायला. बदल्यात तो छताचे गळके टिन बदलून देणार होता आणि वर एक पंखा बसवणार होता. पंख्याचं नाव निघताच सभा मऊ झाली. मधुसूदन काही वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं उन्हाळ्यात घेरी येऊन पडत, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो म्हणाला होता, "पुढच्या रविवारी ठराव करू. दुपारी खोली कोणाले पायजे असं बावीस सालात कोणी म्हटलं असन तर वामनरावांचं रजिस्टर सांगीन. त्याच्यावर आपल्याले जाता येत नाही."

वामनरावांनी पेटी ओढली. बावीस रजिस्टरं, काळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना लाल कापड. दुपारपर्यंत ते जमिनीवर बसून पानं उलटत राहिले. बाईचं नाव शोधत होते. भागीरथा सापडली, एकोणीसशे त्रेसष्ट. इंदूबाई सापडली, अडुसष्ट. यमुताई सापडली, पंचाहत्तर. तिघींपुढं एकच मजकूर होता, तिन्हींना वळण तेच: 'यांच्या दुःखद निधनाबद्दल सभेने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली.' वामनरावांनी ओठ चावला. बावीस वर्षांत या खोलीत बाईला रजिस्टरात यायचं तर मरावं लागलं होतं. त्या दोन मिनिटांत मात्र सारेच उभे राहत, सतरंजीवरच्या बायाही. पण तेव्हा बोलायचं नसतं.

आणि बसून बोललेलं लिहायचं नसतं. हा नियम होता. उभा राहून बोलला तो बोलला. नियम वस्तीतल्या वडीलधाऱ्या नानाजींचा. छप्पन साली धम्मदीक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी वस्तीनं ही खोली बांधली, प्रत्येक घराच्या दहा-दहा विटांची. पहिल्या सभेत नानाजी म्हणाले होते, "आजवर पाटलापुढं, शेठपुढं, साहेबापुढं आपण जमिनीवर बसून बोललो. उकिडवे बसून, खाली मान घालून. इथं नाही. या खोलीत जो बोलन तो उभा राहून बोलन. बसून बोललेलं धरायचं नाही." वामनराव तेव्हा तीस वर्षांचे होते. नवंकोरं रजिस्टर मांडीवर आणि अंगावर शहारा. माणसं एकेक करून उभी राहत होती. मग त्यांचे वडील उभे राहिले. धोंडबा. मिलमध्ये सूत गुंडाळणारा, कानांत कायम मशिनीचा आवाज भरलेला माणूस. ते उभे राहिले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले, समोरच्या भिंतीकडं पाहिलं. ओठ हलले. पुन्हा हलले. सभा थांबून राहिली. खूप वेळानं ते खाली बसले, एक शब्द न बोलता, आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. घरी जाताना सारा रस्ता ते मुलाच्या एक पाऊल मागं चालत होते. त्या दिवशी वामननं जन्मातलं पहिलं इतिवृत्त लिहिलं: 'श्री. धोंडबाजी यांनी ठरावास मनःपूर्वक पाठिंबा दिला, शिक्षणाचे महत्त्व विशद केले व तरुणांनी ग्रंथांना मित्र करावे असे आवाहन केले.' पुढच्या सभेत ते वाचलं तेव्हा धोंडबांनी मान वर केली. मरेपर्यंत त्यांनी ते पान मुलाकडून कितीदा तरी वाचून घेतलं. दर वेळी शेवटी म्हणत, "बरं बोललो गा मी." सारी बावीस रजिस्टरं त्या एका पानावर उभी होती. आता जाऊन सांगायचं, की रजिस्टर खरं नाही? की जे बोललं गेलं ते यात नाही? मग त्या प्रश्नाच्या पोटातून लगेच दुसरा प्रश्न यायचा: जे बोललं गेलं नाही ते किती आहे यात? आणि कोणी पहिल्या रजिस्टराचं पहिलं पान उघडलं तर? बापाला एवढं एकच भाषण मिळालं होतं. तेही मुलानं काढून घ्यायचं काय?

तो आठवडा वामनरावांना लांब गेला. हापिसात साहेब काही सांगे तेव्हा ते 'हो हो, लिहितो' म्हणत आणि तो आवाज बाहेरून ऐकू येऊन दचकत. टेपचे सेल मंद झाले होते. गोपिकानं ते काढून भिंतीवर उन्हात वाळत ठेवले, लिंबाच्या फोडींच्या शेजारी. संध्याकाळी घालून पाहिले तर अंजनाबाई जड, संथ, पुरुषी आवाजात म्हणाली, "वा-म-न-भा-ऊ, लि-हू-न घ्या ना." त्या आवाजात ते एकदम अध्यक्षीय वाटलं. वामनरावांना हसू आलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की हाच आवाज उभा राहून बोलला असता तर आपण ते केव्हाच लिहिलं असतं, वर पाच ओळी आपल्याही घातल्या असत्या. बुधवारी पानठेल्यावर मधुसूदननं गाठलं. "पाहिलं काय गा रजिस्टर?" "पाहिलं." "मंग? दुपारच्या खोलीचं हाय कुठं?" "नाही." "कोण्या बाईनं काही म्हटलेलं?" "एकही जिवंत बाई नाही त्यात." मधुसूदननं पानाला चुना लावून घेतला. "तेच तं मी म्हणून राहिलो. आता बोलतीन आन् म्हणतीन, आमचं ऐकलं नाही." तो खऱ्या सरळपणानं म्हणाला. वामनरावांना त्याचा राग येईना. राग यायला माणूस आपल्याहून वेगळा तरी असावा लागतो.

शनिवारी दुपारी हापिस अर्धंच असतं. ते अडीचला वस्तीत आले आणि घराकडं न वळता नळाकडून गेले. नळाजवळच्या भिंतीच्या हातभर सावलीत बारा बाया एका रांगेत चिकटून बसल्या होत्या, वळचणीला चिमण्या बसाव्यात तशा. पाट्या मांडीवर. पाय मात्र सावलीत मावत नव्हते. सगळ्यांचे पाय उन्हात, आणि पायांवर ओली फडकी. रांगेत शेवटून तिसरी गोपिका होती. तिनं नवऱ्याला पाहिलं, पाटी पदराखाली नेली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बाहेर काढून मांडीवर ठेवली. वामनराव म्हणाले, "किती दिवस झाले?" "येत्या आषाढात दीड साल." "मला सांगितलं नाही." गोपिका म्हणाली, "सांगतलं होतं. तुम्ही लिहून राहिले होते." त्यावर बाराही बाया पाटीत तोंड घालून बसल्या.

रविवारी चार वाजता सभा भरली. बाहेर हवा भट्टीसारखी, आत पेपरांचे पंखे हलत होते, आणि टेप खिडकीत. नानाजी आले होते. पंच्याऐंशी वर्षांचे, ऐकायला थोडं कमी, भिंतीशी एका खुर्चीत. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणं सांगितलं, "चिटणीस मागील इतिवृत्त वाचतीन." वामनराव उठले. रजिस्टर घेतलं. टेबलाकडं जायला निघाले आणि अर्ध्या वाटेत वळून खिडकीखाली, सतरंजीच्या कडेला जाऊन बसले. मांडी घालून. सभेला वाटलं, उन्हानं घेरी आली. कोणी पाणी आणायला उठलं.

"वामनराव, उभे राहून वाचा ना," मधुसूदन म्हणाला.

"बसून बोललेलं आहे," वामनराव म्हणाले. "बसूनच वाचतो."

आणि ते वाचू लागले. बकरीच्या आवाजात. त्यांना तो आता आतूनही तसाच ऐकू येत होता आणि त्याची लाज वाटत नव्हती. 'अंजनाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, वाचनालयाची खोली दिवसभर कुलपात राहते. दुपारची चाबी आमच्यापाशी द्या म्हणा. चार वाजता झाडून परत करतो. त्यावर चिटणीस म्हणाले, हो हो, लिहितो. चिटणीसांनी लिहिले नाही. एक बाई म्हणाल्या, हे मागच्या खेपेलेही लिहितो म्हणे.' एवढंच. त्यात 'विशद' नव्हतं, 'मनःपूर्वक' नव्हतं.

नत्थूजी उठले. "हे इतिवृत्त नाही. हे तं चुगली झाली."

"टेपमध्ये आहे," वामनराव म्हणाले.

"टेपचं सोडा गा," मधुसूदन म्हणाला, "नियमाचं बोला. बसून बोललेलं आपण धरत नाही. बावीस साल रजिस्टर तसंच चाललं. आज हे धरलं तं मागचं सारं खोटं म्हणा लागन."

तो प्रश्न आला होता, ज्याला वामनराव आठवडाभर भीत होते. त्यांनी रजिस्टर मिटलं. "आहेच खोटं," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून. पहिल्या सभेत माझे वडील उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. एक शब्द नाही. त्यांचं भाषण मी लिहिलं."

वामनराव सतरंजीच्या विणीकडं पाहत राहिले. त्यांना वाटलं, बाप आता पुन्हा एक पाऊल मागं चालू लागला असेल. मग भिंतीशी खुर्ची कुरकुरली. नानाजींनी शेजाऱ्याला कोपर मारून काय झालं ते कानात सांगायला लावलं होतं, आणि आता ते हसत होते; दात नसलेलं, हवेचं हसू.

"माहीत हाय गा आमाले," ते म्हणाले. "मी तिथंच नव्हतो काय? धोंडबा बोलला नाही हे साऱ्या खोलीनं ऐकलं होतं. तू वाचलं तवा आम्ही एकमेकाकडं पाहिलं आन् गप राहिलो. त्याच्या मनात जे होतं ते तू बरोबर लिहिलं, म्हणून." ते वामनरावांकडं वळले. "तुह्या बापानं तोंड उघडलं नाही तं तुले त्याच्या मनातलं ऐकू आलं. आन् हे पोरगी तीन साल बोलून राहिली, तं तुले ऐकू नाही आलं? मशीन लागली तुले?"

"नियम तुमचाच होता, नानाजी," वामनराव म्हणाले.

"होता ना. पाटलापुढं उकिडवे बसून गुडघे झिजले होते, म्हणून केला. माणसाले उभं कराले केला. बाईले बसवाले नाही केला." नानाजी खुर्चीच्या दांड्याला धरून उठले. सगळ्यांना वाटलं आता ते उभ्यानं काही मोठं बोलणार. पण त्यांनी एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं काठी, आणि हळूहळू, एकेक हाड मोजत, खाली जमिनीवर बसले. "सुनेनं सासऱ्यापुढं उभं राहून बोलावं असं मी म्हटलं तरी ते आज उभी राहीन काय? तिले वेळ लागन. तवरोक आपण बसू. बस गा मधुसूदन. तुले तं बसाची सवय नाही, पण बस. बोल वं अंजना. काय पायजे म्हणते?"

सोमवारी सकाळी वामनरावांनी टेप लावला. सेल उन्हातून काढलेले, ताजे. नानाजींचा प्रश्न झाला, आणि पुढं टेपमध्ये एक लांब पट्टा होता ज्यात कोणी बोलत नव्हतं. खुर्च्या सरकत होत्या. गुडघे वाजत होते, एकापाठोपाठ एक, वाळल्या काटक्यांसारखे. कोणी 'अगा माय' म्हणालं. बाकावरून उठून माणसं खाली बसत होती. मग अंजनाबाई बोलली, घसा साफ करून, तेच शब्द, फक्त शेवटी 'म्हणा' नव्हतं. 'दुपारची चाबी आमच्यापाशी द्या.' पंख्याचं काय, असं नत्थूजींनी विचारलं, बसून. कोणी बाई म्हणाली, पाय उन्हात ठेवून शिकलो, छताखाली पंख्याविना मरत नाही. फार वेळ घासाघीस झाली. म्हाताऱ्यांचा पंखा गेला म्हणून मधुसूदन शेवटपर्यंत कष्टी होता आणि त्याचं तसं होणं काही खोटं नव्हतं. सगळ्यात शेवटी खिडकीजवळ, अगदी कानाशी, लोखंडाचा एक लहानसा आवाज झाला. सतरंजीवर काहीतरी पडल्याचा. वामनरावांनी तो तीनदा ऐकला.

मग दौत ओढली आणि नवं पान काढलं. काय लिहावं? सवयीनं टाक 'सर्वांनी एकमताने' कडं धावला, त्यांनी थांबवला. थरथरत्या अंगठ्यानं त्यांनी लिहिलं: 'सर्वजण खाली बसले. नंतर अंजनाबाई बोलल्या. चाबी त्यांच्याकडे देण्यात आली. पंखा नाही.' एवढ्यावर संपलं. इतकं आखूड इतिवृत्त त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. ते वाळायला ठेवून ते आंघोळीला गेले.

परत आले तर गोपिका रजिस्टरावर वाकलेली होती. बोट अक्षराखाली. "स-र्व-ज-ण," ती म्हणत होती, "खा-ली... ब-स-ले." ते ओलेत्या अंगानं दारातच थांबले. सगळ्या ओळी व्हायला बराच वेळ लागला. हापिसाची वेळ टळली, ते हलले नाहीत. शेवटच्या टिंबावर बोट ठेवून तिनं पान उलटून पाहिलं, मागं काही आहे का म्हणून. मग त्यांच्याकडं पाहिलं.

"अक्षर लय वाकडं हाय तुमचं," ती म्हणाली. "आन् यात 'विशद' कुठं हाय?"

"नाही यात."

"काहून?"

"काल कोणी केलंच नाही," वामनराव म्हणाले.

आणि गोपिका हसली, ते मागच्या दाराचं हसू. तिनं पदर तोंडाकडं नेला होता खरा, पण अर्ध्या वाटेत तो तसाच राहून गेला.